पुलावर थांबलेले

१२ जानेवारी

ती. मामास,
नमस्कार.

"शिपाई घ्यायचा तर आधी त्याचे घोटे बघ, मिशा नंतर." मी शाळेत जायला लागले त्या वर्षी तू हे मला म्हणाला होतास. मी ऐटबाज मिशांचा एक धातूचा ढोलवाला निवडला होता आणि आठवडा व्हायच्या आत तो घोट्यातून मोडला होता. तू रागावला नाहीस. एवढं एकच वाक्य म्हणालास आणि त्याचे पाय बारीक तारेने जोडत बसलास.

काल ओताऱ्याच्या कारखान्यात मी एकेक शिपाई उलटा करून बघत होते, तर तो म्हणाला, "बाई, शिपाई बघताय की नवरामुलगा?" मी म्हटलं, "नवरा बघताना कोणी एवढं उलटंपालटं करून बघू दिलं नाही हो." तो इतका हसला की त्याच्या हातातली पळी डुचमळली.

पूर्वी तिथे नळाच्या तोट्या बनायच्या, अजून कोपऱ्यात ढीग पडलाय. आता तो फक्त शिपाई ओततो. काळ्या रबराच्या दोन जाड चकत्या एकमेकींवर बसवतो, त्या गरगर फिरवतो आणि मधल्या भोकात पातळ धातू ओततो. चकत्या उघडल्या की शिपाई चाकाच्या आऱ्यांसारखे गोल उभे. चुकलेले परत भांड्यात. मला आमच्या कवळ्यांच्या लॅबची आठवण झाली. आम्हीही असेच दात ओततो, फक्त आमच्या दातांना मिशा नसतात.

तू लिहिलं होतंस, तुझ्या टेबलावरच्या लढाईतल्या पुलावरच्या तुकडीसाठी करडे डगलेवाले हवेत, अठ्ठावीस मिलिमीटरचे, आणि थांबलेले हवेत. ओतारी म्हणाला, "चालणारे आहेत, नेम धरलेले आहेत, मेलेलेसुद्धा आहेत. नुसता थांबलेला शिपाई कोण विकत घेतो?" शेवटी चालणारेच घेतले. ज्यांचं पाऊल फार पुढे पडलेलं नाही, ज्यांची बंदूक मनगटाशी बारीक झालेली नाही, असे वेचून. लॅबमध्ये आणून पकडीने त्यांचे मागचे पाय हळूहळू जवळ घेतले. आता ते थांबल्यासारखे दिसतात. थोडे अवघडलेत, पण थांबलेत.

आता खरं काम. फोनवर तुला "हं" पलीकडे काही ऐकू जात नाही, म्हणून लिहितेच. तुझे गुडघे आणि तुझे चार मजले यांचं आता जमायचं नाही, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मी तिथेच उभी होते. त्यानंतर तू एकदाही खाली उतरलेला नाहीस. रात्री-अपरात्री पडलास तर कळणार कुणाला? इथे तळमजला आहे. मागची खोली आहे, तिची खिडकी रस्त्यावर उघडते, येणारी-जाणारी माणसं दिसतात. तू दर वेळी म्हणतोस, टेबल मावणार नाही. एकदा टेबल बाजूला ठेवून उत्तर दे.

तुझी,
ठिपकी


२५ जानेवारी

चि. ठिपकीस,
अनेक आशीर्वाद.

शिपाई पोचले. एकाचीही संगीन वाकली नव्हती. कापूस भरायची तुझी पद्धत चांगली आहे, कवळ्या पाठवणाऱ्यांकडून एवढी तरी अपेक्षा असतेच. पाय जवळ घेतलेस ते उत्तम झालं. अवघडलेले दिसतात म्हणतेस, ते तसेच दिसायला हवेत. तुला लढाई आठवत नाही वाटतं. फौज धुक्यात नदीपलीकडे निघून गेली आणि पुलावर एक तुकडी मागे ठेवली. तिने परत फिरावं म्हणून निरोप घेऊन निघालेला स्वार कधी पोचलाच नाही. म्हणून ते चालत नाहीत, नेमही धरत नाहीत. हुकूम नाही. समोर निळे डगलेवाले वाढत चाललेत आणि हे उभे आहेत. असा शिपाई कोण विकत घेतो, असं विचारणाऱ्या तुझ्या ओताऱ्याला सांग, मी घेतो.

रंग देताना डोळे मात्र जमत नाहीत. हात थरथरतो. लहानपणी तू एका केसाच्या कुंचल्याने ठिपके द्यायचीस तसे आता कोण देणार? सगळी तुकडी आंधळी उभी आहे. चालेल, धुकं होतंच.

मास्तर मजेत. दुसऱ्या मजल्यावरून वर यायला त्यांना आता बराच वेळ लागतो, पण येतात. बिस्किटांच्या डब्यात आपले निळे घेऊन. गेल्या रविवारी उजवीकडून घोडदळ टाकलं त्यांनी. मी म्हटलं, मास्तर, तिथे दलदल आहे. म्हणे, "माझ्या घोड्यांना सांगू नका." असा माणूस.

माझी काळजी करू नकोस. दूध, पाव, भाजी टोपलीतून वर येते. दोरी पक्की आहे. कचरा त्याच टोपलीतून खाली जातो, फक्त दोन्हींची वेळ चुकवायची नाही.

तुझ्याकडे येण्याचं म्हणशील तर टेबल आठ फूट बाय पाच फूट आहे. तुझी मागची खोली मला माहीत आहे. टेबल ठेवलं तर मला भिंतीला टांगावं लागेल. टेबल बाजूला ठेवून उत्तर दे म्हणतेस, ते म्हणजे नदी बाजूला ठेवून पूल ओलांड म्हटल्यासारखं झालं.

तुझा,
मामा


९ फेब्रुवारी

ती. मामास,
नमस्कार.

आज एक वेगळाच सल्ला हवाय. समज, एखाद्या नवशिक्या माणसाला हा खेळ सुरू करायचाय आणि त्याची खोली लहान आहे. त्याने अठ्ठावीसचे शिपाई घ्यावेत की त्याहून लहान?

ओताऱ्याकडे सगळ्यात खालच्या खणात दहाचे शिपाई असतात. दहा मिलिमीटर, माझ्या करंगळीच्या नखाएवढा एकेक. ते सुटे मिळतच नाहीत. एका पट्टीवर चार-पाच जण खांद्याला खांदा लावून उभे असतात, पट्टी उचलली की सगळे एकदम हलतात. मी भिंगाखाली धरले. कमाल म्हणजे यांच्यात थांबलेले आहेत! बंदुकीचा दस्ता जमिनीवर टेकवून, मान किंचित खाली. ओतारी म्हणाला, लहान मापात तशी उभी माणसं ओतायला सोपी, धातू सरळ पायापर्यंत उतरतो. घोटेबिटे बघायची भानगडच नाही, पाय एकमेकांना चिकटलेलेच.

तर, सगळी मापं अशीच उतरवली तर आठ फुटांची लढाई तीन फुटांत मावते. जेवणाच्या टेबलाएवढ्या जागेत नदी, पूल, दलदल, सगळं. मी कागदावर काढून बघितलं. नमुन्याला करड्यांच्या काही पट्ट्या पाठवतेय. नवशिक्याने हे घ्यावेत का? आणि घेतले तर पहिल्यांदा काय घ्यावं?

इकडे सगळं ठीक. खोली हवेशीर ठेवलीय. हे रोज विचारतात, मामांचं काय ठरलं म्हणून. लॅबमधल्या माझ्या जोडीदारणीचं बाळ आजारी असतं, त्यामुळे तिचे दात मीच घासते. म्हणजे तिच्या गिऱ्हाइकांचे. सुट्टी मागायची सोय नाही, नाहीतर मीच आले असते.

मास्तरांना नमस्कार सांग. त्यांच्या घोड्यांना काही सांगणार नाही म्हणावं.

तुझी,
ठिपकी


२० फेब्रुवारी

चि. ठिपके,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी सकाळपासून खिशात घेऊन घरभर हिंडतोय. घरभर म्हणजे काय, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. नवशिक्या कोण ते मला कळलं बरं. "समज, एखाद्या माणसाला" म्हणे! अगं, सरळ लिही की मला खेळायचंय. या वयात लाजतेस काय? तुझ्या आईलाही पत्ते खेळायचे असले की ती "कोणाला तरी खेळायचंय वाटतं" असंच म्हणायची.

तर ऐक. पहिल्यांदा सरदार-सेनापती घेऊ नये. सगळे नवशिके आधी सेनापती घेतात, पिसाच्या टोपीचा, उधळलेल्या घोड्यावर. मग फौज घ्यायला उत्साह उरत नाही आणि सेनापती एकटाच कपाटात उधळत बसतो. आधी साधं पायदळ. तेही एकाच ओताऱ्याकडून, एकाच वेळी. म्हणायला माप एकच असलं तरी दोन ओताऱ्यांचं कधी जुळत नाही. कोणी तळव्यापासून डोळ्यापर्यंत मोजतो, कोणी टोपीच्या शेंड्यापर्यंत. मी एकदा अशी फसगत करून घेतली होती. नवीन पलटण आली ती जुन्यांच्या खांद्याच्या वर. मास्तर म्हणाले, "तुमच्याकडच्यांना दूध जास्त मिळतं वाटतं." ती पलटण मी आजवर टेबलावर आणलेली नाही.

नेम धरलेले शिपाई एकटे फार छान दिसतात. रांगेत उभे केले की एकाची बंदूक दुसऱ्याच्या कानात. ते टाळ. झेंडेवाला एकच, पण चांगला.

आणि ते दहाचे? अगं, ती फौज नव्हे, मुंग्यांची रांग आहे. भिंगातून बघितले. काम नाजूक आहे, खोटं कशाला बोलू. पण चेहरा कुठाय? तू म्हणशील, सेनापतीला टेकडीवरून कुठे चेहरे दिसतात? दिसत नाहीत म्हणूनच त्याला हुकूम देता येतात. मला चेहरे लागतात. तू अठ्ठावीसचेच घे आणि त्यांना घेऊन इकडेच ये. टेबल आयतं आहे.

जाता जाता एक काम. ओताऱ्याकडून निळे डगलेवाले आण. चालणारे पायदळ, नेहमीच्या एका पलटणीएवढे. त्यात एक गुडघ्यावर टेकलेला हवा, एक मान वळवून मागे बघणारा आणि एक ढोलवाला, ज्याची काठी हवेत आहे. घोडदळही, तीन उधळलेले, बाकीचे चालीत. असेच हवेत, दुसरे चालणार नाहीत. जरा घाई कर.

तुझा,
मामा


३ मार्च

मामा,

मी निळे आणलेले नाहीत. कारखान्यापर्यंत गेले होते. ओताऱ्याने चकती काढलीसुद्धा आणि विचारलं, "मामांनी बाजू बदलली का?" मी तशीच परत आले.

तू आयुष्यात कधी निळा शिपाई विकत घेतला नाहीस. या खेळात ज्याची त्याची फौज ज्याची त्याची असते, हे तूच शिकवलंस मला. निळ्यांना मी हात लावला तर म्हणायचास, "ते मास्तरांचं घर आहे, न विचारता शिरायचं नाही." दर रविवारी शत्रू आपल्या डब्यातून वर येत असेल तर तुला शत्रू विकत का घ्यावा लागतोय?

मास्तर कुठे आहेत, मामा?

मीही तुझ्याशी सरळ वागले नाही. नवशिक्या वगैरे कोणी नाही. ते दहाचे शिपाई तुझ्यासाठीच होते. मला वाटलं, फौज लहान झाली की टेबल लहान होईल, आणि टेबल लहान झालं की तुझ्यापाशी कारण उरणार नाही. तुझं पत्र वाचून, तू खिशात घेऊन हिंडलास ते वाचून, मला लॅबच्या मोरीत जाऊन नळ सोडून उभं राहावं लागलं.

आणि खोली हवेशीर बिवेशीर काही नाही. तिथे यांच्या मोटारी आहेत. बिघडलेल्या पंपांच्या, तांब्याची तार गुंडाळायला आलेल्या, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मी आधी तुला शब्द दिला आणि मग यांना विचारलं. हे म्हणतात, "तुझे मामा काही येत नाहीत. उगाच मोटारी कुठे हलवू?" तू म्हणतोस, खोलीत मावणार नाही. हे म्हणतात, मामा आल्याशिवाय खोली नाही. आणि मी तुम्हा दोघांच्या मधे हातात फूटपट्टी घेऊन उभी. सकाळी लॅब, संध्याकाळी मोटारींमधून वाट काढत कपडे वाळत घालायचे. घरात दिवसभरात बोललं गेलेलं वाक्य शोधायचं तर "वीज गेली का?" एवढंच सापडेल. मी तुला तुझ्यासाठी बोलावतेय असं भासवते. ते निम्मंच खरं आहे.

लवकर लिही. खरं लिही.

ठिपकी


२१ मार्च

मामा,

उत्तर नाही. फोन वाजत राहतो. तुमच्या तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, टोपली रोज खाली येते, म्हणजे आहेत. पण वर जाऊन दार ठोठावलं तर आतून म्हणतात, "काही नको." मास्तरांचं विचारलं तर म्हणाल्या, "ते त्यांनीच सांगू दे."

रागावलायस का? रागावलास तर रागाचं पत्र पाठव. तेही चालेल. कोरा कागद पाठवलास तरी चालेल, फक्त पत्ता तुझ्या अक्षरात असू दे.

ठिपकी


२ एप्रिल

चि. ठिपके,

रागावलो नाही. लाज वाटली, म्हणून वेळ लागला.

मास्तर नोव्हेंबरात गेले. तुला लिहिलं ते घोडदळ, ती दलदल, सगळं त्या आधीच्या रविवारचं. शेवटच्या. मी ते तुला जानेवारीत ताजं म्हणून पाठवलं. शिळा पाव तव्यावर गरम करून देतात तसं.

झालं असं. दुपारी त्यांच्या छातीत कळ आली. आपला जिना तुला माहीत आहे, वळणावर स्ट्रेचर फिरत नाही. चौघांनी त्यांना त्यांच्याच स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसवलं, चादरीने बांधलं आणि उचललं. मी कसाबसा कठड्यापर्यंत आलो होतो. प्रत्येक मजल्यावर दारं उघडी, बायामाणसं बघतायत, कोणीतरी मूल कडेवर घेऊन दाखवतंय. मास्तर, ज्यांनी कधी बिनइस्त्रीचा सदरा घातला नाही, ते गंजिफ्रॉकात, पाय लोंबकळत. वळणावर त्यांनी मान वर केली. मला बघून म्हणाले, "रविवारी माझी चाल आहे. टेबल हलवू नका." मी म्हटलं, नाही हलवत.

ते परत वर आले नाहीत. मी गेल्या काही वर्षांत तीन माणसं या जिन्यावरून खुर्चीत बसून खाली जाताना बघितली. एकही वर आलं नाही.

पंधरवड्याने त्यांचा मुलगा घर रिकामं करायला आला. चांगला आहे मुलगा. वर येऊन म्हणाला, "काका, बाबांचे शिपाई तुमच्याकडे आहेत ना?" टेबलावर डाव मांडलेला होता, निळे अर्ध्या वाटेवर. त्याने तो बिस्किटांचा डबा उघडला आणि एकेक करून निळे उचलले. हळूच उचलले, माझा एकही करडा पाडला नाही. मी काय म्हणणार होतो? त्यांचेच होते ते. तो गेल्यावर जिथे जिथे निळा होता तिथे मी कागदाचा कपटा ठेवला. कोण गुडघ्यावर टेकलेला, कोण मागे बघणारा, ते बारीक लिहून. खिडकी उघडत नाही मी आता. वाऱ्याने कपटे उडतील. निळ्यांचं काय झालं पुढे, कुणी घेतले की मोडीत गेले, कोण जाणे. विचारायला खाली जायला हवं होतं.

म्हणून निळे हवे होते. खेळायला नव्हे. कपट्यांच्या जागी उभे करायला. चाल मास्तरांची आहे. मी टेबल हलवत नाही म्हणालो होतो. तेव्हा तुझी खोली लहान असो की मैदानाएवढी असो, मोटारी असोत की नसोत, त्याचा काही संबंध नाही. आठ बाय पाच हे मी तुला सांगायचं कारण होतं. तुझ्या नवऱ्याला सांग, मोटारी जागच्या जागी राहू दे.

तुझे ते दहाचे मात्र मी वापरले. टेबलाच्या पार पलीकडच्या कडेला, डोंगरांच्या पायथ्याशी मांडले. इकडे माझ्या खुर्चीवरून बघितलं की पुढे पुलावर माझी तुकडी, मोठी, प्रत्येकाची गुंडी दिसणारी. आणि दूरवर, मैलभर अंतरावर वाटावी अशी, ती बारीक रांग. निघून गेलेली फौज. इतकी बेमालूम दिसते, ठिपके, की पहिल्या दिवशी मी बघतच राहिलो. ही माणसं या टेबलावर होतीच, मला दिसत नव्हती असं वाटलं. तू पाठवलंस ते वाया गेलं नाही.

तुझ्या घरात कोणी बोलत नाही, हे वाचून वाईट वाटलं. तू मला पत्रं लिही. मी उत्तर देईन, खरं देईन. बाकी जिन्यावरची ती खुर्ची सोडून काहीही माग.

तुझा,
मामा


११ एप्रिल

ती. मामास,
नमस्कार.

तुझं पत्र यांना वाचून दाखवलं. का ते माहीत नाही. आम्ही एकमेकांना काही वाचून दाखवत नाही. हे तार गुंडाळत होते, हात थांबवला नाही. खुर्चीचं आलं तेव्हा थांबवला. मग म्हणाले, "चादरीने बांधायचं नसतं. पट्टा लागतो, रुंद." एवढंच. रविवारी मी उठले तर मागच्या खोलीतून घसटण्याचे आवाज. सगळ्या मोटारी स्वयंपाकघरात, ओट्याखाली, कपाटापुढे. मला आता दूध घ्यायचं तर पंपावर पाय देऊन वर चढावं लागतं. मी म्हटलं, मामा येणार नाही म्हणालाय. तर म्हणे, "मग या मोटारी परत नेताना मी तुझ्या मामांना शिव्या घालीन. येऊन ऐकायला सांग."

तू म्हणालास, खोलीचा संबंध नाही. तरी सांगितलं, कारण घडलं म्हणून.

टेबलाचं सांगते. तुझ्यासारख्या माणसाला मी हे सांगावं हे गमतीचंच आहे. तू जन्मभर सरकारी कचेरीत नकाशे काढलेस. डोंगर, नद्या, गावंच्या गावं तू कागदावर उचलून आणलीस आणि एकही झोपडी जागची हलली नाही. मग आठ फुटांचं टेबल तुला उचलून आणता येणार नाही? नकाशा काढ. जसं आहे तसं, कपट्यांसकट. तीनाला एक अशा मापात उतरव. इथे मी लहान टेबलावर तो पसरेन आणि प्रत्येक खुणेवर दहाचा शिपाई येईल. ओताऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, पट्टीतला एखादा सुटा कापून गुडघ्यावर टेकवता येईल, आणि मागे बघणारा तर सोपा, मान गरम असतानाच वळवायची. ढोलाच्या काठीची खात्री देत नाही म्हणाला. चेहरे नसतील, हे खरं आहे. ठिपके देण्याइतकीही जागा नाही. पण मास्तरांची चाल मी करणार नाही, कोणी करणार नाही. टेबल हललं नाही असंच ते असेल. वाटल्यास तुझ्या पुलावरच्या मोठ्या तुकडीलाही घेऊन ये. तिला खिडकीत ठेवू, रस्ता दिसेल तिला.

आता तू म्हणालास त्याबद्दल. खुर्ची सोडून काहीही माग. मी खूप विचार केला. दुसरं काही सुचलं असतं तर तेच मागितलं असतं. जिना अरुंद आहे, वळणावर स्ट्रेचर फिरत नाही हे तूच लिहिलंस. गुडघे उतरू देत नाहीत. दोरी पक्की असली तरी टोपलीत तू मावणार नाहीस. हसलास का? मला खुर्चीशिवाय काही दिसत नाही.

येत्या शनिवारी लॅब बंद आहे. ओताऱ्याची मालाची गाडी आहे, तो स्वतः चालवत येतोय. तो, त्याचा मेहुणा, आमच्या लॅबचा पार्सलवाला आणि हे. चौघंही मजबूत आहेत. यांनी रुंद पट्टा शिवून घेतलाय. सदरा इस्त्रीचा घालू, कोट घालू. शिंपीणबाईंना सांगून ठेवलंय, त्या वेळेला सगळ्यांनी आपापली दारं लावून घ्यायची. त्या म्हणाल्या, "लावतील. मी बघते कोण लावत नाही ते."

पण तू कशाला घाबरतोस ते दारांपलीकडचं आहे, हे कळतं मला. तीन माणसं गेली आणि एकही वर आलं नाही, असं तू लिहिलंस. तर असं करायचं ठरवलंय. आधी मी बसणार. चौथ्या मजल्यावर, तुझ्या दारात, तुला न्यायच्या त्याच खुर्चीत. हे चौघं मला पट्ट्याने बांधून खाली नेतील, वळणावरून, सगळ्या मजल्यांवरून, थेट रस्त्यापर्यंत. गाडीला हात लावेन. आणि मग तेच मला परत वर आणतील. ओतारी म्हणाला, "बाई, तुमचं वजन किती?" मी म्हटलं, मामांपेक्षा जास्त, तालीम चांगली होईल. मला ते सगळं हास्यास्पद दिसणार, पाय लोंबकळणार, माहीत आहे. दारं उघडी राहिली तरी चालतील माझ्या फेरीला. खुर्चीत बसून खाली गेलेलं एक तरी माणूस या जिन्याने वर आलेलं तू बघावंस, एवढंच मला हवंय. त्यानंतर तू बसायचं की नाही ते तुझं तू ठरव. नाही बसलास तर आम्ही चहा पिऊन निघू. हे मोटारी परत नेतील.

फक्त ते बघायचं तर दार उघडावं लागेल आणि कठड्यापर्यंत यावं लागेल. नोव्हेंबरानंतर तू तिथवर आला नाहीस, शिंपीणबाई सांगत होत्या. दार ठोठावलं की तू आतून "काही नको" म्हणतोस. शनिवारीही तेच म्हणशील. मी बाहेर खुर्चीत बसलेली असेन आणि आतून तुझं "काही नको" ऐकू येईल, हे मला आत्ताच ऐकू येतंय. तरी विचारते. मामा, दार उघडून कठड्यापर्यंत येशील?

तुझी,
ठिपकी